विजोड टूल कॅबिनेटांचे वर्कबेंच : भोसरीतील जुना माल, पावडर कोटिंग आणि फॅब्रिकेशन यांचे परीक्षण

कारखान्यांतून बाद झालेली, वेगवेगळ्या उंचीची आणि वेगवेगळ्या रंगांची टूल कॅबिनेटे वजनावर विकत घ्यायची, ती नव्याने रंगवून घ्यायची आणि त्यांच्यापासून गॅरेजमध्ये एक भक्कम वर्कबेंच उभे करायचे, हा उद्योग पिंपरी-चिंचवड परिसरात बरेच हौशी कारागीर करतात. निगडी प्राधिकरणातील आमच्या घराच्या गॅरेजसाठी मीही तो केला. त्यासाठी ज्या तीन ठिकाणी पैसे मोजले, म्हणजे जुन्या मालाचे गोदाम, पावडर कोटिंगचा कारखाना आणि फॅब्रिकेटर (लोखंडी चौकटी बनवणारा), त्या तिघांच्या कामाचे हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगतो : जुना माल उत्तम, फॅब्रिकेशन चोख, आणि ज्यावर बहुतेकांचे सगळे लक्ष असते तो रंग मात्र या व्यवहारातील सर्वांत बेभरवशाचा भाग.

आधी मालाविषयी. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीतील लहान मशीन शॉपमध्ये एकेकाळी जी कॅबिनेटे बनवून घेतली जात, त्यांचा पत्रा अठरा किंवा वीस गेजचा, म्हणजे साधारण १.२ किंवा ०.९ मिलिमीटर जाडीचा असे. आज घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या स्वस्त कपाटांत बावीस गेजच्या, म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटरच्या पत्र्यावर भागवले जाते. ही जुनी कॅबिनेटे कारखान्यातून बाहेर पडतात ती मोडतात म्हणून नव्हे. कधी एखादा व्हेंडर धंदा आवरता घेतो, तर कधी एखाद्या कंपनीत फाइव्ह-एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचे) ऑडिट येते आणि सगळ्या शॉप फ्लोअरवर एकाच रंगाचे, एकाच मापाचे सामान असावे असे ठरते. मग धडधाकट पण विजोड कॅबिनेटे एकगठ्ठा भंगारात जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीजवळच्या कुदळवाडीतील भंगार गोदामांवर मोठी कारवाई केल्यापासून हा माल पूर्वीसारखा एका जागी पाहायला मिळत नाही आणि ओळखीपाळखीतून गोदामाचा पत्ता काढावा लागतो. पुण्यातील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी एखादे कॅबिनेट दिसते, पण तिथे हातअवजारांची चंगळ अधिक. मोठे लोखंडी सामान भोसरीकडेच शोधलेले बरे.

ज्या गोदामातून मी माल घेतला तिथला व्यवहार स्वच्छ होता. काटा समोर, वजन डोळ्यांदेखत आणि दर किलोला पंच्याहत्तर रुपये. नुसत्या भंगाराच्या दराच्या मानाने हा भाव चढा आहे, पण खण चालते असतील तर तो वाजवी म्हणावा लागेल. तीन कॅबिनेटे मिळून वजन दोनशे किलोच्या आत-बाहेर भरले. त्यातले एक हिरव्या हॅमरटोन (हातोडीने ठोकल्यासारख्या दिसणाऱ्या) रंगाचे, एक निळे आणि एक मूळचे पिवळे. उंची अनुक्रमे ६९०, ६१० आणि ६५५ मिलिमीटर. गोदामवाल्याचा एकच दोष सांगता येईल, तो म्हणजे किल्ल्यांचा पत्ताच नव्हता. अशा खणांची छोटी कुलुपे, म्हणजे कॅम लॉक, मात्र हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतात आणि एका नटाने बसतात, त्यामुळे किल्ली नाही म्हणून चांगले कॅबिनेट सोडू नये.

घेताना काय पाहावे याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण येथे घाई केली की पुढचे सगळे पैसे पाण्यात जातात. प्रत्येक खण पूर्ण बाहेर ओढावा, त्याच्या पुढच्या कडेवर तळहाताने भार द्यावा आणि तो तसाच परत ढकलावा. खण तिरका होऊन अडकत असेल तर दोष तो ज्यावर सरकतो त्या पट्टीचा आहे की सांगाड्याचा, हे टेपने कॅबिनेटचे दोन्ही कर्ण मोजून लगेच कळते. कर्णांत चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर ते कॅबिनेट फोर्कलिफ्टने कधीतरी ढकलले आहे असे समजून पुढे जावे. जुन्या जड कॅबिनेटांत खण बेअरिंगवर धावतात. माझ्या हिरव्या कॅबिनेटात ६२०० क्रमांकाची, दहा मिलिमीटर भोकाची बेअरिंगे निघाली, जी कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. तिथली दुरुस्ती म्हणजे जुने ग्रीस रॉकेलने धुऊन दोन-तीन बेअरिंगे बदलणे, एवढीच. निळ्या कॅबिनेटात मात्र साधे टेलिस्कोपिक चॅनेल (एकातून एक सरकणाऱ्या पट्ट्या) होते आणि ते ढिले झाले होते. नवे चॅनेल बसवताना खणाच्या दोन्ही बाजूंना साडेबारा-तेरा मिलिमीटर मोकळी जागा लागते; ती मूळ कॅबिनेटात आहे का, हे गोदामातच मोजून घ्यावे. तळाचा पत्रा उलटा करून पाहणेही आवश्यक आहे, कारण कारखान्यात फरशी धुतली जाते आणि पहिला गंज तिथेच धरतो. एका वेळी एकच खण उघडू देणारी कडी शाबूत असेल तर तो मोठा लाभ समजावा. भरलेले तीन खण एकदम उघडले की रिकाम्या मागच्या बाजूचे कॅबिनेट तोंडावर येते.

आता रंग. प्रथम एक धोक्याची सूचना. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दशलक्षात ९० भागांपेक्षा) जास्त असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत आले नाहीत. जुन्या यंत्रसामग्रीवरचा पिवळा-नारिंगी रंग तर बहुधा लेड क्रोमेटचाच असतो. त्यामुळे असे कॅबिनेट घराच्या अंगणात ग्राइंडर लावून कोरडे घासणे, तेही मुले आजूबाजूला खेळत असताना, हा शुद्ध अविचार आहे. घासायचेच असेल तर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर वापरावा आणि निघालेला गाळ पुसून गोळा करावा. मी पिवळे आणि निळे अशी दोन कॅबिनेटे थेट पावडर कोटिंगला दिली. तिथे जुना रंग रसायनाच्या टाकीत उतरवतात, मग तेलकटपणा आणि गंज काढून फॉस्फेटिंग करतात, म्हणजे रंग धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर देतात, विद्युतभारित पावडर फवारतात आणि साधारण १८० ते २०० अंश तापमानाच्या भट्टीत ती वितळवून पक्की करतात. काम नीट झाले तर साठ ते ऐंशी मायक्रॉनचा थर बसतो आणि पान्हा घसरून आपटला तरी तो सहसा टवका सोडत नाही, जे हाताने मारलेल्या साध्या इनॅमलबद्दल म्हणता येणार नाही.

मात्र हे ‘नीट झाले तर’ फार महत्त्वाचे आहे. माझा माल जिथे गेला तिथे नव्या पत्र्याचे पॅनेल रंगवण्याची सवय, जुन्या कॅबिनेटाची नाही. पत्र्याच्या दुहेरी घड्यांत आणि स्पॉट वेल्डच्या सांध्यांत वर्षानुवर्षे मुरलेले कटिंग ऑइल वरवर धुऊन निघत नाही. भट्टीत तापले की ते बाहेर येते आणि रंगाला बारीक छिद्रे पाडते. निळ्या कॅबिनेटाच्या पुढच्या उभ्या कडेवर वीतभर लांबीत नेमकी अशीच सुईच्या टोकाएवढी छिद्रे उमटली, आणि ‘जुना माल आहे, चालायचेच’ हे उत्तर मला पटले नाही. असा माल आधी रिकामाच भट्टीत तापवून, तेल बाहेर काढून, पुन्हा धुऊन मग पावडर मारायची असते. आग्रह धरल्यावर त्यांनी ते केले आणि वाढीव पैसे मागितले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. दुसरी उणीव खणांच्या आतल्या कोपऱ्यांत राहिली. विद्युतभार कडांकडे धावतो, त्यामुळे खोलगट कोपऱ्यात पावडर पोहोचत नाही आणि तिथे थर विरळ राहतो. खणात रबराची चटई अंथरायची असल्याने मी ते सोडून दिले. पण ज्याला खणात ओली अवजारे ठेवायची आहेत त्याने कोपऱ्यांत ब्रशने इपॉक्सी प्रायमर लावून घ्यावा. देण्यापूर्वी बेअरिंगे, प्लॅस्टिकच्या मुठी आणि कुलुपे काढून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. पोचे भरायला साधी पुट्टी लावली असेल तर तीही भट्टीत फुगते, म्हणून पोचे हातोडीने ठोकून सपाट करावेत किंवा तसेच राहू द्यावेत. सँड ब्लास्टिंगचा पर्याय कोणी सुचवला तर पातळ पत्र्याच्या बाबतीत नकार द्यावा; पत्रा पापडासारखा वाकडा होतो.

रंगछटेबद्दलही भ्रम नसावा. दोन कॅबिनेटांसाठी कोणी पावडर फवारण्याचा बूथ धुऊन तुमच्या आवडीची छटा लावत नाही. त्या दिवशी जो लॉट चालू असेल त्याच रंगात तुमचा माल टांगला जातो, आणि तो बहुधा आरएएल रंगसूचीतला ७०३५ क्रमांकाचा फिका राखाडी किंवा ७०३२ म्हणजे सगळे ज्याला ‘सिमेन्स ग्रे’ म्हणतात तो असतो. मला ७०३५ मिळाला, तोही खरबरीत टेक्श्चर फिनिशमध्ये. त्याने पोचे छान झाकले जातात, पण ग्रीसचे हात लागले की ते पुसून निघायला गुळगुळीत रंगापेक्षा दुप्पट घासावे लागते. हिरवे हॅमरटोन कॅबिनेट मी रंगवलेच नाही. त्याचा मूळ रंग कुठेही सुटलेला नव्हता, आणि केवळ तीन कॅबिनेटे एका रंगाची दिसावीत म्हणून इतका पक्का थर टाकीत विरघळवणे मला उधळपट्टी वाटली. पाहुणे विचारतात खरे की एकच हिरवे का. त्यांना आतला खण ओढून पाहायला सांगतो.

फॅब्रिकेटरचे काम या तिघांत सरस ठरले, आणि त्याचे श्रेय त्याच्या एका आक्षेपाला आहे. माझा मूळ बेत कॅबिनेटांखाली कमी-जास्त उंचीचे ठोकळे देऊन माथे एका पातळीत आणायचे आणि त्यांवर प्लायवूड टाकायचे, असा होता. ‘साहेब, कॅबिनेटला सामान सांभाळू द्या, शेगडा सांभाळायला पाय वेगळे द्या,’ असे त्याने सांगितले, आणि त्याचे म्हणणे बिनतोड होते. कॅबिनेट सरळ खाली येणारा भार उत्तम पेलते, पण शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, पाइप धरून जोर लावला की तो जोर आडवा येतो, कॅबिनेटची चौकट किंचित पिळली जाते आणि वरचा खण धरू लागतो. म्हणून ४० बाय ४० बाय २ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची स्वतंत्र चौकट केली, जिचे आठ पाय जमिनीवर टेकतात आणि कॅबिनेटे त्या पायांच्या मधल्या गाळ्यांत उभी राहतात. त्यामुळे त्यांची उंची सारखी असण्याची गरजच उरली नाही. प्रत्येकाखाली अँगलची वेगवेगळ्या उंचीची बैठक आहे, सर्वांत लहान बैठकही जमिनीपासून शंभर मिलिमीटरच्या वर, म्हणजे पावसाळ्यात गॅरेजच्या उतारावरून आत येणारे पाणी तळाच्या पत्र्याला लागत नाही. पायांना उंची कमी-जास्त करणारे एम-१२ चे (१२ मिलिमीटरचे) लेव्हलिंग बोल्ट लावून घ्यावेत. गॅरेजची फरशी दाराकडे उतरतीच असते. शेगडा मधल्या गाळ्यावर न बसवता डाव्या टोकाच्या पायाच्या अगदी माथ्यावर, पाइपला आरपार बोल्ट मारून बसवला आहे.

वरचा माथा प्लायवूडचा केला. आठ बाय चारची अठरा मिलिमीटरची एकच शीट उभी चिरून दोन पट्ट्या कराव्यात आणि त्या एकमेकींवर चिकटवाव्यात, म्हणजे सुमारे ६१० मिलिमीटर रुंद आणि ३६ मिलिमीटर जाड असा माथा तुकडाही वाया न जाता तयार होतो. आयएस ७१० चे मरीन प्लाय यासाठी चैन आहे. चांगल्या प्रतीचे बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारे) प्लाय पुरते, कडांना मात्र सागाची पट्टी हवी, नाहीतर कोपरे लवकर उसवतात. बेंचची उंची प्रत्येकाने स्वतःच्या कोपरावरून ठरवावी. आयटीआयमध्ये फिटरला शिकवतात तेच योग्य : शेगड्याच्या जबड्याचा माथा कोपराच्या पातळीत यावा. माझ्यासाठी बेंचच्या माथ्याची उंची ८९० मिलिमीटर बसली.

वापरातला अनुभव सांगायचा तर घणाने चपटी पट्टी सरळ करतानाही चौकट हलत नाही, आणि पूर्ण भरलेला खालचा खण एका बोटाने येतो. पावसाळ्यात टेक्श्चर रंगावर गंजाचा एकही ठिपका उमटला नाही, अपवाद फक्त कुलपाच्या भोकाच्या कडेचा, जिथे कोटिंगनंतर मी कानस फिरवली होती. गाडी आता बाहेर उभी राहते, पण त्याबद्दल घरातील इतरांचे मत या परीक्षणात विचारात घेतलेले नाही.

खर्च तीस हजारांच्या आसपास आला. त्यातला निम्म्याच्या जवळ कॅबिनेटांवर, कोटिंगवर पाच हजार, चौकटीवर सहा हजारांच्या आत आणि बाकीचा प्लाय, चॅनेल, कुलुपे आणि टेम्पोवर. याच ताकदीच्या, खणांसह नव्या बेंचचे जे कोटेशन मला मिळाले होते ते याच्या दुपटीहून अधिक होते. ज्याला महिनाभर थांबणे शक्य नाही किंवा ज्याच्याकडे फक्त सोसायटीतले पार्किंग आहे, त्याने या फंदात पडू नये. दोनशे किलोचे लोखंड उतरवायलाच चार माणसे आणि मोकळी जागा लागते. ज्याच्याकडे वेळ आणि जागा दोन्ही आहे त्याने आधी फॅब्रिकेटर गाठावा, मग कॅबिनेटे घ्यावीत आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. गुरुवारी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा गोदामाकडे शनिवारी सकाळी जावे; माल पाहायला उजेड असतो आणि रिकामे टेम्पो नाक्यावरच उभे असतात.