ऑर्गन बाथ चांगला, उत्तेजक मात्र तपासून घ्यावा

आमच्या औषधशास्त्र विभागाने एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांपूर्वी घेतलेला दुहेरी ऑर्गन बाथ (शरीराबाहेर काढलेला अवयवाचा तुकडा जिवंत ठेवून त्यावर औषधांचा परिणाम पाहण्याचे उपकरण) आणि त्यासोबत आलेला विद्युत-उत्तेजक (तुकड्याला विजेचे स्पंद देणारे यंत्र) यांविषयी हा अभिप्राय आहे. पुरवठादाराचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

काचेचे काम उत्तम आहे. २५ मिलिलिटरच्या आतील नळीत टायरोड द्रावण (ऊती जिवंत ठेवणारे क्षारांचे पाणी) ३७ अंश सेल्सिअसवर स्थिर राहते, निचऱ्याची तोटी गळत नाही आणि गिनीपिगच्या इलियमचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा एक ग्रॅम ताणाखाली टांगला की पाऊण तासात आलेखाची मूळ रेषा स्थिरावते. ॲसिटिलकोलीनचे (चेतातंतूंतून स्रवणाऱ्या, स्नायू आकुंचित करणाऱ्या रसायनाचे) वाढते डोस दिल्यावर येणारा आलेख देखणा असतो आणि प्रात्यक्षिक परीक्षेपुरते तेवढे पुरते.

परंतु ॲसिटिलकोलीन थेट स्नायूवरील ग्राहींवर (रसायनाचा संदेश टिपणाऱ्या रेणूंवर) काम करते. आतड्यातील चेतातंतू जिवंत आहेत की मेले, हे त्या आलेखावरून कळत नाही. वास्तविक या तुकड्याचे नवल त्या चेतातंतूंतच आहे. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्या, तरी आतील पदार्थाच्या वरच्या बाजूस आकुंचन आणि खालच्या बाजूस शिथिलता हा क्रम चालूच राहिला. पुढे १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या शरीराबाहेर काढलेल्या आतड्यातही, आतून दाब वाढवून, हाच क्रमसंकोच (पदार्थ पुढे ढकलणारी आकुंचनाची लाट) घडवून आणला. म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याशी संबंध तुटला तरी आतड्याच्या भिंतीतील चेतापेशींचे जाळे आपला कारभार स्वतः पाहते. विद्यार्थ्यांना हे डोळ्यांनी दिसावे, एवढ्याचसाठी आम्ही उत्तेजकाचा वेगळा खर्च केला होता.

पहिल्या दिवशी दर दहा सेकंदांनी नियमित आकुंचने दिसू लागली आणि सगळे खूश झाले. मग ॲसिटिलकोलीनचे ग्राही अडवणारे ॲट्रोपीन घातले, तरी आकुंचने जशीच्या तशी राहिली; चेतातंतूंमुळे होत असती, तर ती थांबायला हवी होती. ॲट्रोपीन जुने असेल म्हणून तपासले, तर त्याने ॲसिटिलकोलीनचा परिणाम व्यवस्थित रोखला. दोष उत्तेजकात निघाला. त्याचा सर्वांत लहान विद्युत-स्पंद पाच मिलिसेकंदांचा होता आणि एवढ्या लांब स्पंदाने चेतातंतूंना बगल देऊन स्नायूच थेट उद्दीपित होऊ शकतो. माहितीपत्रकात मात्र ‘चेता-उत्तेजनासाठी उपयुक्त’ असे ठळक छापले आहे!

शेजारच्या महाविद्यालयातून आणलेल्या उत्तेजकावर अर्ध्या मिलिसेकंदाचा स्पंद दिला, तेव्हा ॲट्रोपीनने आकुंचने जवळजवळ थांबली. दुसऱ्या तुकड्यावर लोपेरामाइड या जुलाबावरील अफूवर्गीय औषधाच्या अल्प मात्रेने ती खुजी झाली आणि अशा औषधांचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलॉक्सोनने पुन्हा वाढली. मॉर्फीनच्या परवान्याची यातायात न करता अफूवर्गीय औषध चेतातंतूंतून होणारा ॲसिटिलकोलीनचा स्राव कसा कमी करते, हे यातून दाखवता येते.

तीन पत्रांनंतर पुरवठादाराने उत्तेजकातील पट्टी बदलून दिली, तीही मूल्य आकारून. खरेदीपूर्वी स्पंदाची किमान लांबी लेखी मागावी आणि ॲट्रोपीनची चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. बाहेरच्या टाकीत बोअरवेलचे पाणी भरू नये; आमच्या तापकावर सहा महिन्यांत क्षारांचा जाड थर चढला.