फाइल सापडत नाही: विंडोजचा सर्च दुरुस्त करावा, की 'एव्हरीथिंग' टाकावं?

आमच्या मजल्यावरच्या काकांना वारस नोंदीसाठी जुन्या सातबाऱ्याची पीडीएफ हवी होती. "डी ड्राइव्हमध्येच आहे रे, मी स्वतः ठेवलीये," असं म्हणत त्यांनी सर्चच्या चौकोनात 'सातबारा' टाइप केलं. वरची हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत आली आणि तिथेच बसून राहिली. लॅपटॉप जुना, विंडोज १०, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क, तिचेच सी आणि डी असे दोन भाग. चहा पिऊन झाला तरी पट्टी तिथेच होती. मग उत्तर आलं की अशी फाइल नाही.

अशा वेळी लोक मला दोनच प्रश्न विचारतात. विंडोजचा सर्च नीट करता येईल का? की ते 'एव्हरीथिंग' का काय म्हणतात ते फाइली शोधायचं फुकट सॉफ्टवेअर टाकून मोकळं व्हावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. फाइलच्या नावातला एखादा तुकडा आठवत असेल, आणि घरात बहुतेक वेळा तेवढाच आठवतो, तर एव्हरीथिंग. फाइलच्या आतला मजकूर शोधायचा असेल तर विंडोजचा इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याची त्याने करून ठेवलेली यादी, दुरुस्त करायला पर्याय नाही. पण दोन्हींच्या आधी डिस्क धड आहे का ते बघा. हे सगळ्यात शेवटी बघितलं जातं, म्हणून मी ते सगळ्यात आधी सांगतोय.

आधी डिस्कची नाडी

'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. (डाउनलोडच्या पानावर कार्टूनमधल्या मुलींची चित्रं असलेल्या आवृत्त्या दिसतील. दचकू नका, साधी आवृत्ती घ्या.) उघडल्यावर निळा रंग दिसला तर ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे डिस्क गेल्यात जमा. खालच्या यादीत सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या कप्प्यांच्या, तीन ओळी बघायच्या: बदलून दिलेले सेक्टर, वाचताना अडलेले सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. तिन्हींचा मूळ आकडा ('रॉ व्हॅल्यू') शून्य असायला हवा.

काकांच्या डिस्कचा रंग पिवळा होता. पट्टी अडत होती ती यामुळे. डिस्क एखाद्या खराब जागेवर येते, तोच भाग पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोपर्यंत बाकी सगळं थांबतं. अशा डिस्कवर लोक उत्साहाने चेकडिस्कची, म्हणजे विंडोजच्याच डिस्क तपासणाऱ्या सोयीची, सखोल तपासणी लावतात. ती अख्खी डिस्क इंच इंच वाचते, एक टीबीला तासन्‌तास लागतात आणि आधीच दमलेल्या डिस्कला आणखी दमवते. इंडेक्स नव्याने बांधण्याचंही तेच, कारण त्यात एकेक फाइल उघडून वाचली जाते. त्यामुळे पिवळा दिसला की पहिलं काम म्हणजे घरचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायची. सर्च नंतर बघू.

रंग निळा असेल तरच खालची तुलना निवांत वाचा.

दोघं शोधतात कसे

विंडोजचा सर्च म्हणजे ग्रंथालयातला असा माणूस, जो प्रत्येक पुस्तक उघडून कोणता शब्द कुठे आलाय त्याची वही करतो. एव्हरीथिंग पुस्तक उघडतच नाही. दारात ठेवलेलं दाखल-रजिस्टर तेवढं वाचतो.

ते रजिस्टर खरंच असतं. फाइली डिस्कवर मांडून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, आणि आपल्या डिस्क बहुतेक एनटीएफएस पद्धतीच्या असतात. त्यात प्रत्येक फाइलची एक नोंद एका मुख्य तक्त्यात असते आणि नोंद साधारण एक केबीची. दोन लाख फाइली म्हणजे सुमारे २०० एमबीचा तक्ता, तोही बराचसा सलग. जुनी डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाते, म्हणजे काम दोन-तीन सेकंदांचं. आता दुसरी बाजू. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी डिस्क एका फेरीला ११ मिलिसेकंद घेते. वाचणारा हात योग्य जागी नेण्याचा वेळ धरला तर दर उडीला १५ मिलिसेकंद जातात. दोन लाख फाइली उघडायच्या तर नुसत्या उड्यांनाच पाऊण तासाच्या वर लागतो, आणि एकेका फाइलला एकच उडी पुरत नाही. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसल्याने हे अंतर फार कमी होतं. म्हणूनच ज्याच्या घरी एसएसडी आहे तो "माझा विंडोज सर्च तर बरा चालतो" म्हणतो, आणि त्याचंही खोटं नसतं.

एव्हरीथिंग बनवणारे स्वतः सांगतात की दहा लाख फाइलींना त्याला मिनिटभर आणि ७५ एमबी मेमरी लागते. मला ते पटतं. पुढे नवी फाइल आली, नाव बदललं, की विंडोज स्वतःच ठेवत असलेल्या बदलांच्या नोंदवहीतून त्याला ते लगेच कळतं.

मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार विंडोजचा इंडेक्स चार लाख नोंदींच्या पुढे गेला की अडखळू लागतो, आणि दहा लाख ही त्याची हद्द. बारा वर्षांचे फोटो, व्हॉट्सॲपचे बॅकअप आणि मुलाचे कोडिंगचे फोल्डर एकाच कॉम्प्युटरवर असतील तर चार लाख हा काही फार मोठा आकडा नाही.

विंडोजचा सर्च दुरुस्त करायचा तर

निम्म्या वेळा त्यात बिघाड नसतोच. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ या आवृत्तीपासून सर्चच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय आले, 'क्लासिक' आणि 'एन्हान्स्ड'. क्लासिकमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक असे ठरावीक फोल्डरच इंडेक्स होतात. आपल्याकडे मात्र "सीमध्ये काही ठेवू नको, फॉरमॅट मारला तर जाईल" ही शिकवण घराघरात आहे. त्यामुळे महत्त्वाचं सगळं डीमध्ये, आणि डी इंडेक्समध्ये नाहीच. अख्ख्या कॉम्प्युटरसाठी एन्हान्स्ड करता येतं, पण मी तसं करत नाही. कंट्रोल पॅनलमधल्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन डीमधले दोन-चार कामाचे फोल्डर तेवढे जोडतो. वही जितकी आटोपशीर, तितकी ती लवकर बिघडत नाही.

तिथेच वरच्या ओळीत किती नोंदी झाल्या आणि काम पूर्ण झालं का, ते लिहिलेलं असतं. काम चालू असेल तर थांबा. तुम्ही कॉम्प्युटर वापरत असताना इंडेक्सर मुद्दाम हळू चालतो, म्हणून दिवसभर त्याच्याकडे बघत बसून काही होत नाही. आकडा दिवसच्या दिवस हलतच नसेल, किंवा तुमच्या डोळ्यांसमोर असलेली फाइल सर्चला दिसत नसेल, तर ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'रीबिल्ड', म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. रात्री चार्जर लावून, कॉम्प्युटरच्या झोपेचं ('स्लीप') सेटिंग बंद करून लावा. सकाळपर्यंत सर्च अर्धवटच उत्तरं देईल, ते धरून चाला. रीबिल्डचं बटण दाबून काहीच होत नसेल तर सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या, यादीत 'विंडोज सर्च' चालू आहे का ते पाहा. कॉम्प्युटर 'फास्ट' करून देतो म्हणणारे पुष्कळदा तीच बंद करून जातात.

आणि कधी दोष घरातला नसतोच. ५ फेब्रुवारी २०२० ला विंडोज १० चा स्टार्टमधला सर्च जगभर कोरा पडला होता. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या इंटरनेट सर्चशी जोडलेली बाजू बिघडली होती, आणि लोक मात्र आपापल्या डिस्कांना दोष देत बसले होते.

आपल्या मराठीची गंमत

इथे दोघांचीही पंचाईत होते, वेगवेगळ्या तऱ्हेने.

विंडोजचा इंडेक्स शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. 'सात' टाइप केलं तर सातबारा मिळेल, 'बारा' टाइप केलं तर नाही. त्यासाठी आधी तारांकित खूण लावून '*बारा' असं लिहावं लागतं. एव्हरीथिंगला मधला कुठलाही तुकडा चालतो. मराठीत विभक्तीने शब्दाचं शेपूट बदलतं आणि कधी पोटही. 'घर' शोधलं तर 'घराची कागदपत्रे' सापडतं, पण 'पुणे' शोधून 'पुण्यातली जागा' दोघांनाही सापडत नाही. म्हणून 'पुण' एवढंच टाइप करायची सवय लावून घ्या.

दुसरा घोळ 'ऱ्या'चा. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने लिहिलं जातं, दुसऱ्यावर साधा र आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून. डोळ्याला दोन्ही सारखंच. एव्हरीथिंगला ते दोन वेगळे शब्द. 'शेतक' इथेच थांबा, सापडेल.

तिसरा घोळ जुन्या फाइलींचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचायच्या आधी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेलं सगळं आतून इंग्रजी अक्षरंच आहे. कृतिदेवमध्ये 'भारत' दिसतं, पण फाइलमध्ये एच, के, के, जे, आर अशी अक्षरं साठवलेली असतात. मग विंडोजचा इंडेक्स कितीही वेळा रीबिल्ड करा, 'भारत' शोधून ती फाइल येणार नाही. ती अक्षरंच टाइप केली तर येते! ज्यांच्या घरी डीटीपीचं काम होतं त्यांच्या डिस्का अशा फाइलींनी भरलेल्या असतात, आणि सर्च बिघडला म्हणून ते उगाच दुरुस्तीवाल्याला पैसे देतात.

एव्हरीथिंगचं काय खटकतं

मजकूर शोधायची सोय त्यात नावापुरती आहे. तेव्हा त्यालाही प्रत्येक फाइल उघडावी लागते आणि सगळा वेग जातो. पेनड्राइव्ह आणि बऱ्याच बाहेरच्या डिस्क एक्सफॅट पद्धतीच्या असतात. तिथे मुख्य तक्त्याची युक्ती चालत नाही, ते फोल्डर हाताने जोडावे लागतात आणि मग तेही साध्या चालीनेच वाचले जातात.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्याची सर्व्हिस बसवली की कॉम्प्युटरवर सगळ्यांचीच फाइलनावं सगळ्यांना दिसतात. वेगळं लॉगिन असलं तरी नावं दिसतात, फाइल उघडली नाही तरी. वहिनींच्या वाढदिवसाच्या 'सरप्राइज'चं नियोजन घरातल्या कॉम्प्युटरवर त्याच नावाने ठेवू नका, एवढं सांगतो.

मग कोणी काय घ्यावं

घरगुती वापर, फिरती डिस्क, फोटो-पीडीएफचा पसारा असेल तर एव्हरीथिंग टाका आणि विंडोजच्या सर्चला चार फोल्डरांपुरतं ठेवा. दोन्ही एकत्र नांदतात. वकील, शिक्षक, भाषांतर करणारे, ज्यांना 'त्या करारात हा शब्द होता' असं शोधायचं असतं, त्यांनी इंडेक्स दुरुस्त करण्यात एक रात्र घालवावी. स्कॅन केलेल्या कागदांच्या बाबतीत दोघांकडूनही आशा ठेवू नका, ती चित्रं आहेत. आणि विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा सर्चसाठी अख्खं विंडोज पुन्हा टाकायचा विचार असेल तर आधी मशिनला ११ चालतं का ते बघा.

फिरती डिस्क काढून एसएसडी टाकणं हा तिसरा रस्ता. खर्चाचा आहे, पण सर्चसकट सगळंच सुधारतं. काकांना मी शेवटी तोच सुचवला.

त्यांच्या सातबाऱ्याचं मात्र वेगळंच निघालं. आधी फोटो आणि कागद माझ्या डिस्कवर काढून घेतले, दोन फोल्डर वाचलेच नाहीत. मग एव्हरीथिंग लावलं, कारण दमलेल्या डिस्कला तेवढं झेपतं. 'सातबारा' टाइप केलं, काही नाही. 'बारा', 'उतारा', 'तलाठी', काही नाही. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तो तुम्ही गणपती यायच्या आदल्या दिवशी स्कॅन करून आणला होता. डेकोरेशन सोडून गेला होतात म्हणून मी बडबडले होते." साल काकांना आठवलं. सगळ्या पीडीएफ तारखेने लावल्या आणि त्या आठवड्यापर्यंत खाली गेलो. फाइलचं नाव होतं 'स्कॅन०००७'.