इव्हेंट व्ह्यूअर की रिलायबिलिटी मॉनिटर: आधी काय उघडावं?

विंडोजचा संगणक मधेच बंद पडतोय, एखादं ॲप उघडताच गायब होतंय किंवा निळा स्क्रीन येतोय. दुकानात नेण्याआधी लॉग (विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) स्वतः बघायचे ठरवले, तर विंडोजमध्येच दोन साधनं आहेत: इव्हेंट व्ह्यूअर आणि रिलायबिलिटी मॉनिटर. दुसरं व्हिस्टापासून आहे, तरी अनेकांनी ते कधी उघडलेलं नसतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' समोर येतं.

हार्डवेअरची शंका असेल तर थेट इव्हेंट व्ह्यूअर उघडावा, तिथे त्याला तोड नाही. सिस्टिम लॉगमधली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगते, की मागचं शटडाउन नीट झालं नव्हतं. पुढचा धागा डिटेल्स टॅबमध्ये सापडतो. तिथे 'बगचेककोड' (निळ्या स्क्रीनमागच्या बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल, तर बहुतेक वेळा लाइट गेलेली असते, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कमजोर झालेला असतो, किंवा संगणक हँग झाल्यावर कुणीतरी पॉवर बटण दाबून धरलेलं असतं. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीतला असतो. हेक्समध्ये (१६ पायाच्या अंकपद्धतीत) बदलून मगच त्याचा अर्थ शोधावा, नाहीतर भलतंच काही हाती लागतं. १५९ म्हणजे हेक्समध्ये ९एफ, आणि तिथे बहुधा एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) स्लीपमध्ये जाताना किंवा जागा होताना अडकलेला असतो.

डिस्कच्या नोंदीही इथेच वाचाव्यात. सोर्स 'डिस्क' आणि क्रमांक ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरचा खराब झालेला भाग. हा दिसला की बाकी सगळं सोडून बॅकअप घ्या. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याची क्रिया पुन्हा करावी लागली. त्यातही बॅकअप आधी, मग साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) बदलून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये ही १५३ची नोंद मला तरी कधी दिसलेली नाही.

पण घरच्या संगणकाच्या बहुतेक तक्रारींत पहिला प्रश्न असतो, 'हे सुरू होण्याआधी काय बदललं?' इव्हेंट व्ह्यूअर नेमका इथेच छळतो. ॲप कोसळल्याची १००० क्रमांकाची नोंद ॲप्लिकेशन लॉगमध्ये. अपडेट बसल्याची १९ क्रमांकाची नोंद सिस्टिममध्ये. नवा प्रोग्राम बसल्याची ११७०७ पुन्हा ॲप्लिकेशनमध्ये, आणि अचानक बंद पडल्याची ६००८ परत सिस्टिममध्ये. कारण एका यादीत, परिणाम दुसऱ्या यादीत, आणि मधे निरुपद्रवी नोंदींचा ढीग. डिस्ट्रिब्युटेडकॉम या विंडोजच्याच घटकाची १००१६ ही नोंद धडधाकट संगणकावरही सतत पडते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. फोनवरून फसवणारे भामटे घाबरवण्यासाठी लोकांना हाच ढीग दाखवतात.

यावर 'क्रिएट कस्टम व्ह्यू' हा उपाय आहे, हे मान्य करायला हवं. त्यात ॲप्लिकेशन आणि सिस्टिम दोन्ही लॉग निवडा आणि इव्हेंट आयडीच्या चौकटीत हवे ते क्रमांक स्वल्पविराम देऊन लिहा. एखादा क्रमांक वगळायचा असेल तर त्याच्याआधी उणे चिन्ह द्या. चांगलं चालतं, पण कोणते क्रमांक हवेत हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि नवख्याचं गाडं तिथेच अडतं.

रिलायबिलिटी मॉनिटर हेच सगळं एका कॅलेंडरवर मांडतो. वर लाल फुल्या, खाली त्याच दिवशी बसलेली अपडेट्स, ड्रायव्हर, प्रोग्राम. फुल्या ज्या तारखेपासून सुरू झाल्या, त्या दिवशीचा आणि आदल्या दिवसाचा स्तंभ बघा. मंगळवारी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला आणि बुधवारपासून फुल्या दिसू लागल्या, तर पहिला संशयित मिळाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करून दोन-चार दिवस वाट बघायची. 'व्ह्यू टेक्निकल डिटेल्स'मध्ये कोसळलेल्या मॉड्यूलचं (प्रोग्रामच्या ज्या फाइलमध्ये बिघाड झाला तिचं) नावही मिळतं. तिथे एनटीडीएलएल (विंडोजची स्वतःची एक फाइल, ntdll) दिसलं, तर विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नका. त्या प्रोग्रामच्या दुसऱ्याच भागाने मेमरी बिघडवली तरी कोसळणं अनेकदा त्याच फाइलच्या नावावर नोंदवलं जातं.

त्याच्या उणिवाही आहेत. १ ते १० हा स्थिरतेचा आकडा मी तरी बघत नाही, कारण एखादं किरकोळ ॲप वारंवार पडलं तरी तो घसरतो. ताजी नोंद उमटायला कधीकधी वेळ लागतो. तरी सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. इथून तारीख आणि वेळ घ्यायची, आणि गरज पडली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त त्या वेळेच्या आसपासची दहा मिनिटं वाचायची.

विंडोज सुरूच होत नसेल तर मात्र इव्हेंट व्ह्यूअरच कामाला येतो. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा, तिच्यावरच्या विंडोज फोल्डरात 'सिस्टिम३२', त्यात 'विनइव्हीटी' (winevt) आणि त्यात 'लॉग्ज' असं शिरा, आणि तिथली 'सिस्टिम' नावाची फाइल 'ओपन सेव्ह्ड लॉग'मधून उघडा.