नौदल अधिकाऱ्याची कागदपत्रं: घरी ठेवावीत, संग्रहाला द्यावीत की स्कॅन करून मोकळं व्हावं?

बदलीचे आदेश, प्रशिक्षणार्थी असतानाची वही, जहाजावरून धाडलेली पत्रं, बायकोची उत्तरं, मुलांची प्रगतिपुस्तकं, फोटो. नौदलातल्या माणसामागे अशी भरलेली ट्रंक राहते आणि घरच्यांसमोर तीन वाटा असतात.

घरी ठेवणं मनाला सोपं, कागदाला अवघड. या कागदांनी खारी हवा खाल्लेली असते. मीठ ओलावा धरतं, टाचण्या-स्टेपल गंजतात आणि गंज कागदात उतरतो. जुनी पत्रं लोहयुक्त शाईतली असतील तर शाईच कागद खाते. जिथे निब दाबली गेली तिथे अक्षराच्या आकाराचं आरपार भोक दिसतं. घरीच ठेवायचं ठरलं तर टाचण्या काढा, आम्लविरहित फोल्डर वापरा, पोटमाळा टाळा. आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के असावी. लॅमिनेशन अजिबात नको, ते कागदाला इजा न करता निघत नाही. पीव्हीसीची पाकिटंही नकोत.

स्कॅनिंग वाचायला आणि भावंडांत वाटायला उत्तम, पण मूळ कागद टाकून देण्याची सबब म्हणून वाईट. पत्रं ४०० डीपीआयवर (दर इंचाला इतके ठिपके), फोटो ६००, फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या चित्र-प्रकारात. मागची बाजू आणि लिफाफाही घ्या. युद्धकाळात जहाज कुठे आहे हे पत्रात लिहायला बंदी असे. अशा वेळी निदान तारखेचा माग पोस्टाच्या शिक्क्यावरून लागू शकतो. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

अभिलेखागार किंवा नौदल संग्रहालयात हवामान सांभाळलं जातं, अभ्यासक येतात. पण दानपत्र नीट वाचा: नको असलेले कागद परत देणार की नष्ट करणार? खाजगी पत्रं किती वर्षं बंद ठेवणार? कागद दिला म्हणजे मजकुराचा हक्क दिला असं होत नाही. तो बहुधा पत्र लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. ‘साहेबांचं द्या, घरचं तुम्हीच ठेवा’ असं कुणी म्हणालं, तर मी दुसरी संस्था शोधेन. ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने प्रेयसी एमा हॅमिल्टनने त्याला लिहिलेली बहुतेक पत्रं जाळून टाकली. त्याची तिला लिहिलेली पत्रं भरपूर उरली, त्यामुळे तो संवाद आज एकतर्फीच वाचावा लागतो. ती चूक संस्थेच्या सोयीसाठी आपण कशाला करायची?

म्हणून माझा कल असा: ट्रंकेतला क्रम न विस्कटता आधी स्कॅन, मग नवरा-बायकोची पत्रं एकत्रच एका संग्रहाला. पदकं हवी तर घरी राहू देत. भावंडांत कागदांची वाटणी मात्र करू नका, एकदा फुटलेला संग्रह सहसा पुन्हा जुळत नाही. गोपनीय शिक्क्याचे कागद सापडले तर ते बाजूला काढा आणि नौदलाला विचारल्याशिवाय स्कॅनसुद्धा करू नका.