अकाई एस३०००एक्सएलला कोणता ड्राइव्ह जोडावा?

अकाई एस३०००एक्सएल हा जुना सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे मेमरीत घेऊन वाजवणारं यंत्र. त्याची मेमरी कितीही वाढवली तरी ३२ एमबीच्या पुढे जात नाही, आणि मशीन बंद केलं की तीही कोरी होते. साठवायला मुळात फ्लॉपी दिलेली आहे. अकाईच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या एचडी फ्लॉपीत १.६ एमबी मावतं. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी खातो, म्हणजे एका फ्लॉपीत जेमतेम साडेनऊ सेकंद. भरलेली मेमरी जपायची तर वीस फ्लॉप्या एकामागून एक घालत बसा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते, तो ताप वेगळाच.

म्हणून स्कझी ड्राइव्ह, म्हणजे स्कझी (SCSI) या जुन्या जोडणीने बाहेरून लावायचा ड्राइव्ह. निवडताना बहुतेक जण वेग आणि क्षमता बघतात. माझ्या मते इथे दोन्ही गौण आहेत. ३२ एमबीच्या मशीनला गिगाबाइट काय करायचेत? आणि सॅम्पलरची स्कझी बाजू मुळातच संथ असल्यामुळे वेगवान ड्राइव्हचा वेग तसाही वाया जातो. खरा प्रश्न एवढाच, की वर्षभराचं काम संगणकावर काढून ठेवणं किती सोपं आहे?

या कसोटीवर जुनी स्कझी हार्ड डिस्क पहिल्याच फेरीत बाद. ती आवाज करते, तापते, तिची बेअरिंग म्हातारी झालेली असतात आणि आतलं काढायला स्कझी असलेला दुसरा संगणक लागतो. फुकट मिळाली तरी तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नका.

आयोमेगाचा झिप ड्राइव्ह मात्र अजून लोकांच्या मनातून उतरत नाही, आणि त्याचं कारणही समजतं. १०० एमबीची डिस्क काढून दुसरी घालता येते, प्रत्येक गाण्याला वेगळी डिस्क ठेवता येते. त्या काळी कित्येक स्टुडिओंत हीच पद्धत होती. पण विकत घेताना मागची बाजू नीट बघा. प्रिंटर पोर्टवर चालणारा झिप दिसायला तसाच निळा आणि त्यालाही २५ पिनांचे सॉकेट. तो सॅम्पलरला जोडायचा नाही. स्कझीवाल्याच्या मागे आयडीसाठी (प्रत्येक स्कझी उपकरणाचा वेगळा क्रमांक) ५ आणि ६ असा स्विच असतो. सॅम्पलरचा स्वतःचा आयडी सहसा ६ असतो, तेव्हा ड्राइव्ह ५ वर ठेवा. एकापुढे एक जोडलेल्या उपकरणांच्या साखळीत तोच शेवटचा असेल तर टर्मिनेशनचा (टोकाला सिग्नल उलटून येऊ नये यासाठीचा) स्विच चालू करा. एवढं करूनही झिपचं यंत्र आता जुनं झालंय. टक-टक असा आवाज सुरू झाला की तो ड्राइव्ह गेला समजा, आणि त्यात दुसरी चांगली डिस्क घालून बघण्याचा मोह टाळा. बिघडलेलं हेड तिलाही खराब करू शकतं. घरात आधीच भरलेल्या झिप डिस्क असतील तर त्यातला माल बाहेर काढण्यापुरता हा ड्राइव्ह घ्या.

राहिले एसडी कार्डवाले. स्कझी-टू-एसडी हा त्यातला जुना, मुरलेला बोर्ड. यूएसबीने संगणकाला जोडून त्यात आयडी आणि डिस्कचा आकार भरायचा, मग सॅम्पलरला ती साधी हार्ड डिस्कच वाटते. अडचण एकच: कार्डावर माहिती कच्च्या सेक्टरांत लिहिली जाते. कार्ड संगणकात घातलं की ते फॉरमॅट करायचं का, असं तो विचारतो. चुकून ‘हो’ म्हटलं की संपलं. बॅकअप म्हणजे आख्ख्या कार्डाची प्रत काढणं.

झुलूस्कझी आणि ब्लूस्कझी हे याच प्रकारचे दुसरे बोर्ड इथेच पुढे जातात. त्यांच्या कार्डावर प्रत्येक डिस्क म्हणजे एक साधी इमेज फाइल (आख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये). आयडी फाइलच्या नावातच लिहायचा, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. बॅकअप म्हणजे फाइल कॉपी करणं. अकाई फॉरमॅटच्या सॅम्पल सीडींच्या इमेजही त्याच कार्डावर सीडी-रॉम म्हणून ठेवता येतात, म्हणजे स्कझी सीडी ड्राइव्ह शोधत हिंडायला नको. नवीन माणसाने यांतलाच एक घ्यावा, दोघांत डावं-उजवं करत बसू नये.

जोडताना चार गोष्टी सांभाळा. अकाईचं एक पार्टिशन (डिस्कचा एक कप्पा) ६० एमबीपेक्षा मोठं होत नाही, त्यामुळे इमेज ५०० एमबीच्या आत ठेवा आणि फॉरमॅट सॅम्पलरवरच करा. टर्मिनेशन साखळीच्या दोन्ही टोकांना हवं, मधे नको. ‘डिस्क दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. काही सॅम्पलर स्कझी केबलवरून बोर्डाला वीज पुरवत नाहीत, तेव्हा बोर्डाला यूएसबीने वेगळी वीज द्यावी लागते. आणि मशीन चालू असताना केबलला हात लावू नका. (जपानहून मागवलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, ते आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नका. ड्राइव्हचा प्रश्न त्यानंतरचा!)

ज्यांच्याकडे अकाईचा त्याहून जुना सॅम्पलर एस१००० आहे त्यांचं गणित जरा वेगळं, कारण त्याला स्कझीचं कार्ड वेगळं बसवावं लागे आणि बऱ्याच मशीनमध्ये ते नसतंच. अशांनी फ्लॉपीच्या जागी गोटेक (पेनड्राइव्हला फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह) बसवून त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकावं. सेटिंगच्या फाइलमध्ये होस्ट म्हणून अकाई निवडलं की १.६ एमबीच्या इमेज चालतात, आणि एका पेनड्राइव्हवर शेकडो ‘फ्लॉप्या’ मावतात. मोठा आवाज तुकड्यांत चढवण्याचा कंटाळा मात्र तसाच राहतो. ड्रमचे ठोके आणि छोटे लूप वापरणाऱ्याला तो जाणवणारही नाही. लांबलचक पियानो किंवा तंतुवाद्यांचे संच चढवणाऱ्याने आधी स्कझी कार्ड शोधावं.