दिवा मंदावला नाही, तरीही मला कळले नाही : घरगुती जनरेटरच्या नावाखाली ८,४२० रुपयांची फसवणूक

शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत २३ वर्षे साहाय्यक म्हणून काम केलेल्या माणसाने, चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज कशी निर्माण होते हे दरवर्षी नव्या मुलांपुढे मांडून दाखवलेल्या माणसाने, नेमक्या त्याच चुंबक आणि तारेच्या व्यवहारात ८,४२० रुपये घालवावेत, हे लिहिताना मला संकोच वाटतो. तरीही लिहितो आहे, कारण ज्या व्हिडिओने मला फसवले तो अजून या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे.

निवृत्तीनंतर मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत एका सुताच्या गोदामाचे हिशेब लिहितो आणि रात्री दहाच्या पुढे सायकलने घरी परततो. गुडघ्यांमुळे सायकलला २५ सीसीचे छोटे पेट्रोल इंजिन बसवून घेतले आहे. वाटेत दिव्यांचे खांब आहेत, मात्र त्यांतील निम्मे बंद असतात. चाकाला घासून फिरणारा जुना बाटलीचा डायनॅमो ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा. त्याच्या उजेडात खड्डा दिसतो तो चाक खड्ड्यात गेल्यावरच. बॅटरी लावून पाहिली, पण ती रोज चार्ज करायचे राहून जाई. इंजिन फिरतेच आहे, तर त्याच्याच पट्ट्यावर एक लहानसा जनरेटर बसवावा आणि १२ व्होल्ट, ३५ वॅटचा स्कूटरचा दिवा लावावा, असे मनात आले. त्यात हाव कोणती होती? फुकटात वीज देणाऱ्या यंत्राच्या मागे मी लागलो नव्हतो. पेट्रोल जाळून वीज करणे हा सरळ व्यवहार आहे, आणि म्हणूनच मी गाफील राहिलो.

गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी तो व्हिडिओ पाठवला. इंजिनाची सायकल, हँडलला बांधलेला लाल रुमाल, पट्ट्यावर फिरणारा चकचकीत जनरेटर आणि समोरच्या भिंतीवर पडलेला पांढराशुभ्र झोत. खाली मोबाइल क्रमांक होता. घरी जोडण्याचा संच, निओडायमियम चुंबक, ४०० ग्रॅम शुद्ध तांब्याचे वाइंडिंग, ६० वॅट, किंमत ३,२०० रुपये. पुढे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल, म्हणून आकडेच देतो. आगाऊ १,५०० रुपये. माल तयार झाल्याचा फोटो आल्यावर उरलेले १,७००. मग 'सर, तांब्याचा भाव चढला' म्हणून ६५० आणि कुरिअरचे २३०. एकूण ४,०८० रुपये, चारही वेळा यूपीआयने. बोलणारा माणूस अतिशय अदबशीर होता आणि बेअरिंगचे क्रमांक तोंडपाठ सांगत होता. बिल मागितल्यावर मात्र 'पार्सलमध्येच टाकतो सर' म्हणाला. ज्याच्याकडून बिल आधी मिळत नाही त्याला पैसे आधी देऊ नका.

पण मला खरा सल आहे तो व्हिडिओतील एका क्षणाचा. चाळीसाव्या सेकंदाच्या आसपास तो माणूस इंजिनाचा थ्रॉटल सोडतो, आवाज खाली येतो, पट्टा डोळ्यांना दिसेल इतका सावकाश फिरू लागतो, आणि भिंतीवरचा झोत जसाच्या तसा राहतो. चुंबक जितक्या वेगाने फिरेल तितकी वीज. वेग उतरला की दिवा मंदावलाच पाहिजे. १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी शोधलेला हा नियम मी हाताने चाक फिरवून, दिवा मंद आणि प्रखर करून, दरवर्षी दाखवत असे. आणि इथे तो दिवा डोळ्यांदेखत नियम मोडत होता! मी पाहिले नाही असेही नाही. मी पाहिले, आणि वर त्या माणसाला विचारलेही. तो म्हणाला, ‘सर, आत मोठा कॅपॅसिटर आहे.’ कॅपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग. मी ‘अच्छा’ म्हणालो.

पैसे गेल्यावर एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मी तो हिशेब मांडला. ४,७०० मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर १२ व्होल्टवर साधारण ०.३४ ज्यूल ऊर्जा साठवतो. ३५ वॅटचा दिवा तेवढ्यावर सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग जळेल. व्हिडिओत तो दिवा चार सेकंद तसाच होता. उजेड जनरेटरचा नव्हताच. चौकटीबाहेर कुठेतरी बॅटरी ठेवलेली होती. हा हिशेब करायला मला दोन मिनिटे लागली. पैसे पाठवण्यापूर्वी ती दोन मिनिटे माझ्याजवळ नव्हती का? होती. माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की जाणकाराला गप्प करणे अडाण्याला गप्प करण्यापेक्षा सोपे असते. त्याच्याच विषयातला एक शब्द त्याच्यापुढे टाकला की तो स्वतःच उरलेले उत्तर तयार करतो. तेव्हा असा व्हिडिओ कोणी दाखवला, तर त्याला इंजिन चढवून, उतरवून आणि शेवटी पूर्ण बंद करून दाखवायला सांगा, आणि कॅमेरा दिव्याच्या तारांवरून फिरवायला सांगा.

पार्सल आले. बिल अर्थातच नव्हते. वाइंडिंगच्या टोकांना तारा जोडायला बसलो तर कथील धरेना. गोळी होऊन निसटून जाई. दोष माझ्या जुन्या सोल्डरिंग गनला दिला आणि २६० रुपयांची नवी आणली. ॲल्युमिनियमवर साधे कथील धरत नाही, हेही मला ठाऊक होते! शेवटी तारा पिळून, टेप गुंडाळून काम भागवले. मल्टिमीटरने मोकळ्या टोकांवर १३ व्होल्ट दाखवले, म्हणून क्षणभर आनंद झाला. दिवा जोडताच आकडा ३ वर आला आणि काचेत नुसती लाल रेघ दिसली. जनरेटर दिवा न जोडता मोजणे म्हणजे काहीच न मोजणे.

दुसऱ्या दिवशी पूर्व भागात, यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानात तो घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी तो हातात घेतला, एकदा वर-खाली केला आणि म्हणाले, “सर, तांबं असतं तर हाताला जड लागलं असतं.” ब्लेडने तार खरवडली, तांबूस इनॅमलखालून पांढरी तार निघाली. उकलून वजन केले तर १४० ग्रॅम. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड असते. चुंबकाचा चंदेरी रंग नखाने निघाला आणि खाली काळसर फेराइट, म्हणजे साधे स्वस्त चुंबक, दिसले. त्यांनी तपासणीचे पैसेही घेतले नाहीत, हे मला जास्त लागले.

मी संतापून विक्रेत्याला फोन केला. तो रागावला नाही, उलट क्षमा मागितली, चुकून दुसरा माल गेला म्हणाला आणि ४,०८० रुपये परत करण्यासाठी क्यूआर कोड पाठवला. पुढचे वाक्य लिहायला हात धजत नाही. मी तो कोड स्कॅन केला, समोर ४,०८० हा आकडा दिसला, आणि पिन टाकला. खात्यातून आणखी ४,०८० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही; पिन असतो तो पैसे देण्यासाठी. हे मी घरात सर्वांना बजावत आलो होतो.

लाजेपोटी मी ती रात्र काढली आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. ही माझी तिसरी चूक. तो फोन पहिल्या काही मिनिटांतच करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला आणि स्थानिक पोलीस ठाण्यात जाण्यास सांगण्यात आले. बँकेने सांगितले की पिन आपणच टाकला आहे, तेव्हा व्यवहार अधिकृत आहे. ठाण्यात सांगण्यात आले की हे सायबरचे काम आहे. सायबर विभागात सांगण्यात आले की पहिले ४,०८० हा मालाच्या दर्जाचा वाद आहे, त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जा. दुसऱ्या ४,०८० साठी बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा आणा. उतारा नेला तेव्हा संबंधित साहेब बंदोबस्तावर होते. पुन्हा गेलो तेव्हा, “आजोबा, इथे लाखांची प्रकरणं पडून आहेत,” असे ऐकावे लागले. लाखांना लुटणारा माणूस सुरुवात चार हजारांपासूनच करतो, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण तोवर माझा आवाज कापू लागला होता.

आणि कळस म्हणजे, पुरावा म्हणून मी सायकल ठाण्याच्या आवारात उभी केली होती, तर एका कर्मचाऱ्याने तिचीच चौकशी सुरू केली. नोंदणी कुठे आहे, परवाना कुठे आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही, हे मी छापील कागदासह दाखवले. गुन्हा कोणत्याही हद्दीतील असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हेही दाखवले. त्याने कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि माझ्याशी बोलणेच बंद केले. फसवणाऱ्याचा मोबाइल क्रमांक, त्याचा यूपीआय आयडी, पाचही व्यवहारांचे क्रमांक, कुरिअरची पावती, हे सगळे मी फायलीत लावून नेले होते. त्या फायलीवर प्रश्न एकही आला नाही, सायकलवर मात्र अर्धा तास गेला. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावरील बाई सौजन्याने बोलल्या, परंतु विक्रेत्याचा पूर्ण पत्ता माझ्याजवळ नव्हता आणि कुरिअरच्या पावतीवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी फक्त ‘सर’ असे लिहिलेले होते. पैसे पाठवण्यापूर्वी पत्ता घ्या, आणि तो लेखी घ्या.

रिवाइंडिंगच्या त्याच दुकानात मोडीत निघालेल्या इलेक्ट्रिक स्कूटरची २४ व्होल्ट, २५० वॅटची कायम चुंबकाची मोटार पडली होती. तिचीच पुली बदलून ती आता माझ्या पट्ट्यावर जनरेटर म्हणून फिरते. ठरलेल्या वेगाच्या साधारण साठ टक्के वेगात १४ व्होल्टच्या आसपास देते. छोटी बॅटरी जोडायची असेल तर मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, टाकायला विसरू नका, नाहीतर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी मोटारीलाच फिरवत बसते. मी बॅटरी जोडलेली नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो की माझा दिवा मंदावतो.

माझ्या तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियेत’ एवढेच दिसते. विक्रेत्याचा क्रमांक बंद आहे, पण गेल्या रविवारी तोच व्हिडिओ नव्या क्रमांकासह मला पुन्हा आला. किंमत आता ३,६०० रुपये आहे. हँडलला लाल रुमाल आहे. चाळीसावा सेकंद पाहा.