ब्राउझर कुठला ठेवायचा? क्रोम, एज, फायरफॉक्स की ब्रेव्ह

मावशीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. "अरे, लॅपटॉपमध्ये पाच व्हायरस शिरलेत म्हणतोय. दर दोन मिनिटांनी सांगतोय, आता पैसे भरा म्हणतोय." संध्याकाळी जाऊन बघितलं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकोन वर यायचा, त्यात लाल त्रिकोण आणि धमकी. व्हायरस एकही नव्हता. कधीतरी पाककृती शोधताना एका साइटनं विचारलं होतं, सूचना पाठवू का? समोरची पट्टी एकदाची जावी म्हणून मावशीनं ‘अलाउ’ दाबलं होतं. सेटिंगमधली सूचनांची यादी उघडली तर अशा अकरा साइट निघाल्या. सगळ्या काढल्या आणि लॅपटॉप गप्प झाला. मग चहा पिताना तिनं विचारलं, "हे क्रोमच वाईट आहे का रे? दुसरं काही घालून देतोस?"

क्रोम वाईट नाही. पण दुसरं काही घालायचं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि हल्ली तो मला बरेच जण विचारतात.

वेगाची तुलना करणं मी केव्हाच सोडलं. बऱ्यापैकी लॅपटॉपवर सगळे ब्राउझर सारखेच पळतात आणि तीस टॅब उघडे ठेवले की सगळे सारखेच धापा टाकतात. मी बघतो ते एवढंच, की या ब्राउझरचं पोट कशावर भरतं. फुकट मिळणारी वस्तू कुणीतरी पोसत असतो, आणि पोसणाऱ्याच्या आड येणारी सोय त्या ब्राउझरमध्ये फार दिवस टिकत नाही.

त्याआधी एक भ्रम दूर करू. नावं डझनभर असली तरी आतली इंजिनं, म्हणजे वेबपान उलगडून पडद्यावर मांडणारे भाग, तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि आपल्याकडच्या झोहोचं उला, हे सगळे क्रोमियम या गूगलच्या खुल्या कोडवर उभे आहेत. फायरफॉक्सचं इंजिन गेको, सफारीचं वेबकिट. आयफोनवर तर भारतात कुठलाही ब्राउझर टाका, आत वेबकिटच चालतं. तिथं निवड बरीचशी बाहेरच्या रंगाची. इंजिन एकच असल्याचा तोटा म्हणजे क्रोमियममध्ये भोक सापडलं की या साऱ्या कुटुंबाला एकदमच ठिगळ लावावं लागतं. अर्थात कधीकधी वेगळं इंजिनही वाचवत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रप्रकाराची फाइल उलगडणाऱ्या कोडमध्ये दोष निघाला. ते कोड सगळेच वापरत होते, त्यामुळे क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही धावपळ करावी लागली. नुसतं एक बेतलेलं चित्र दाखवून घात करता येईल, असा तो दोष होता.

आता क्रोम. सुरक्षेच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला मला जागा दिसत नाही. २००८ मध्ये आला तेव्हापासून टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांत कोंडून ठेवण्यावर त्याचा भर आहे. २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर दोष उजेडात आल्यावर त्यानं संगणकावर प्रत्येक साइटला वेगळी कोठडी दिली. ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची ठिगळं दर आठवड्याला येतात. कुलूप उत्तम आहे. शंका आहे ती घरमालकाबद्दल.

त्रयस्थ कुकीची गोष्ट घ्या. तुम्ही एका साइटवर बातमी वाचता, तिथं जाहिरात कंपनी तुमच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते, आणि दुसऱ्या साइटवर चपला बघायला गेलात की तीच चिठ्ठी वाचून ओळखते, अरे, हा तोच. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत हे बंद करू. मुदती वाढत गेल्या, जुलै २०२४ मध्ये बेत गुंडाळला आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगून टाकलं की त्यासाठी वेगळी विचारणाही करणार नाही. सफारीनं या कुकी मार्च २०२० मध्येच सरसकट अडवल्या. फायरफॉक्सनं जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली. दोघांचंही दुकान जाहिराती विकण्यावर चालत नाही, हा काही योगायोग नव्हे.

दुसरी गोष्ट यूब्लॉक ओरिजिनची. जाहिराती आणि माग काढणारे कोड अडवणारं हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची छोटी भर. पान बाहेरून जे जे मागवतं, ती प्रत्येक मागणी ते आधी स्वतः तपासून रोखायचं. क्रोमच्या नव्या नियमांत, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही-३ मध्ये, एक्स्टेंशननं आधीच नियमांची यादी द्यायची आणि रोखायचं की नाही ते ब्राउझरनं बघायचं. गूगल म्हणतं, हे सुरक्षेसाठी. यात तथ्य अजिबात नाही असं नाही, कारण प्रत्येक मागणी बघू शकणारं एक्स्टेंशन भलत्याच्या हाती पडलं तर घर धुऊन नेईल. पण परिणाम असा झाला की २०२५ च्या मध्यापर्यंत मूळ यूब्लॉक क्रोमवर बंद पडलं. त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. ती बऱ्यापैकी चालते, पण मूळची धार तिला नाही.

आणि इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची ‘खासगी’ खिडकी! तो काळा पडदा घरातल्या माणसांपासून लपवतो, साइटपासून किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून नाही. अमेरिकेत यावरून २०२० मध्ये गूगलवर दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत जमा केलेल्या नोंदी नष्ट करायचं आणि खिडकीवरचा मजकूर स्पष्ट करायचं गूगलनं मान्य केलं.

एजबद्दल फार लिहायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियम घेतलं, तेव्हापासून ब्राउझर चांगला आहे. न वापरलेले टॅब झोपवतो, पीडीएफ वाचायला आणि त्यावर खुणा करायला छान. पण तो आपल्याला एकटं सोडत नाही: कूपनं, कोपायलट हा एआय मदतनीस, बातम्यांचा भडिमार. ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांनी दिला असेल तर खुशाल वापरा. घरी मुद्दाम निवडायला मला कारण सापडत नाही. युरोपात कायद्यामुळे विंडोजमधून एज काढून टाकता येतो. आपल्याकडे तो पाहुणा मुक्कामालाच आहे.

फायरफॉक्स मी स्वतः वापरतो, त्यामुळे माझा तोल थोडा इकडे झुकलेला आहे हे गृहीत धरा. मूळ यूब्लॉक इथं पूर्ण ताकदीनं चालतं, आणि अँड्रॉइड फोनवरही चालतं. फोनवरचा फरक एकदा बघाच: एखादी बातमी उघडायची, वर व्हिडिओ, खाली पट्टी, मध्ये ‘अॅप घ्या’, आणि या सगळ्याच्या फटीतून दिसणाऱ्या बातमीच्या तीन ओळी. यूब्लॉक लावलं की बातमी दिसते.

पण फायरफॉक्सचंही पोट आहेच, आणि ते मोठ्या प्रमाणात गूगलच भरतं. काही शोधलं की आपोआप गूगलच उघडेल असं ठेवण्याबद्दल मोझिलाला, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेला, पैसे मिळतात आणि उत्पन्नाचा बहुतांश भाग तोच. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयानं शोधाच्या बाजारात गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचं म्हटलं, तेव्हा सर्वात जास्त घाम फुटला तो मोझिलाला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही आणि गूगलला क्रोम विकायलाही लावलं नाही, म्हणून तूर्त निभावलं. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलानं ‘तुमची माहिती कधीच विकणार नाही’ हे जुनं वचन साइटवरून काढलं आणि वापराच्या अटींची भाषा अशी मोघम ठेवली, की जुने भक्तही खवळले. अटी लगेच सुधारल्या. पण चटका बसला तो बसलाच.

रोजचा त्रास वेगळा. काही साइट क्रोमशिवाय कशावर तपासलेल्याच नसतात. एका ऑनलाइन अर्जात फायरफॉक्सवर ‘सबमिट’ दाबलं की काहीच व्हायचं नाही. चूकही दाखवायचा नाही. तासभर मी स्वतःचीच कागदपत्रं पुन्हा पुन्हा तपासत बसलो. तोच अर्ज क्रोममध्ये पहिल्या फटक्यात गेला. एकेकाळी ‘फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा’ अशी पाटी असायची. एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण पाटी तेवढी दुसऱ्याच्या नावानं राहिली.

ब्रेव्ह म्हणजे क्रोमियमचं अंग आणि जाहिराती अडवणारं यंत्र आतच बसवलेलं. ते एक्स्टेंशन नसल्यानं मॅनिफेस्टच्या नियमांचा त्याला उपद्रव नाही. जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा रचणारे ब्रेंडन आइक याचे एक संस्थापक. ज्याला सेटिंगला हात लावायचा नाही, पण जाहिरातीही नकोत, त्याच्यासाठी हा सोपा पर्याय, कारण क्रोमवर चालणारी साइट इथंही बहुधा चालते. पोट मात्र स्वतःच्या जाहिराती आणि क्रिप्टोवर. २०२० मध्ये काही क्रिप्टो साइटचा पत्ता टाइप केला की ब्रेव्ह त्याला स्वतःचा दलालीचा कोड जोडतो, हे उघड झालं; माफी मागून ते बंद केलं. टाकल्यावर पहिलं काम म्हणजे वॉलेट (क्रिप्टोचं पाकीट) आणि रिवॉर्ड्सची (जाहिराती बघण्याचं बक्षीस) चिन्हं झाकून ठेवा.

मॅक असेल तर सफारी पुरे, बॅटरीही पुरवते. आणि घरात अजून विंडोज ७ चा डबा असेल तर क्रोम १०९ वर, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीलाच थांबलेला आहे. त्यावर फायरफॉक्सच्या ११५ ईएसआर या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला पुढं बराच काळ ठिगळं मिळत राहिली. तरीही त्या डब्यावर बँक उघडू नका.

हल्ली एआय ब्राउझरबद्दल विचारणा होते: पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ओपनएआयचा अॅटलस. तुमच्या वतीनं तेच क्लिक करतात, तेच मेल वाचतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी दाखवलं, की पानावरच्या एका प्रतिक्रियेत लपवलेल्या सूचना कॉमेट मालकाचा हुकूम समजून पाळतो आणि मेलमधला ओटीपी काढून देतो. पान वाचणं आणि हुकूम घेणं यांतली भिंतच तिथं कच्ची आहे. गंमत म्हणून चालवा, पण जिथं बँक आणि मुख्य मेल उघडी आहेत तिथं नको.

कुठलाही ब्राउझर घेतलात तरी एक्स्टेंशनची यादी आजच उघडा. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, सायबरहेवन या माहिती सुरक्षेच्याच धंद्यातल्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवा मेल आला आणि तिच्या क्रोम एक्स्टेंशनचं चोरांनी बनवलेलं ‘अपडेट’ लोकांच्या संगणकांत आपोआप उतरलं. त्यात वापरणाऱ्याची काय चूक? एक्स्टेंशन जितकी कमी, तितक्या वाटा कमी. माझ्याकडे दोन आहेत. आणि बँकेचा पत्ता बघताना शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं होतं, आणि ते नाव ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही.

मावशीच्या लॅपटॉपवर मी फायरफॉक्स आणि यूब्लॉक घातलं, साइटनं सूचनांसाठी विचारायचंच नाही अशी खूण केली, आणि अडलेल्या अर्जांसाठी क्रोम तसंच ठेवलं. ब्राउझर बदलताना पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढून नेत असाल तर एक लक्षात ठेवा: त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडेनागडे असतात, काम झालं की ती डाउनलोड्समधून आणि मग रिसायकल बिनमधूनही काढा. मावशीला मी हे बजावून सांगायला लागलो तर तिनं देवघराच्या खणातून एक वही आणली. सगळे पासवर्ड तिथंच, व्यंकटेश स्तोत्राच्या पुढच्या पानावर, निळ्या शाईत.